रेवतीच्या गोळ्या

दिगंबरनं खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली. काडेपेटीएवढा पितळी ठोकळा होता. त्याच्या मधोमध गोल खळगा आणि त्या खळग्याला दुभागणारी एक बारीक चीर.

"गोळी इथं बसते," तो म्हणाला. "ब्लेड या चिरेत घालायचं आणि सरळ खाली दाबायचं. तुकडा उडत नाही, चुरा पडत नाही. द्या की एक, दाखवतो."

रेवतीनं लगेच डबी पुढं केली. रेवती माझी धाकटी बहीण. तिचा साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले होते, आणि हा तिचा होणारा नवरा पलूसहून विट्याला मोटारसायकलवर आला होता तो गोळी कापून दाखवायला.

टक् असा आवाज झाला. खळग्यात दोन अर्धे तुकडे.

"बघितलंस ताई? एकदम सारखे."

"दिसायला सारखे आहेत," मी म्हणाले.

आठ वर्षं त्या गोळ्या मी कापत होते. स्टीलच्या ताटलीच्या पाठीवर, अण्णांच्या दाढीच्या ब्लेडनं. दहा मिलिग्रॅमची गोळी, तिचे दोन भाग, एक दुपारचा, एक संध्याकाळचा. एखादा तुकडा उडून फ्रीजखाली जायचा, आणि मग मी झाडणी घेऊन पालथी पडायचे.

"पितळ नको," मी म्हणाले. "औषधाला पितळ लागलेलं चांगलं नाही. स्टीलचा करा."

मी रसायनशास्त्राची पदवीधर होते. कोरड्या गोळीला अर्धा सेकंद पितळ लागून काहीही होत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"बरोबर आहे ताई तुमचं," दिगंबर म्हणाला आणि ठोकळा परत रुमालात गुंडाळला. तो आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवायचा. तिसऱ्या दिवशी स्टीलचा ठोकळा घेऊन हजर.

त्या आठवड्यात मी दोन कागदी पुड्या कामावर नेल्या. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते आणि तिथला काटा मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवायचा. एका पुडीत मी कापलेले तुकडे, दुसरीत त्याच्या ठोकळ्यातले. औषध दहाच मिलिग्रॅम, पण ते धरून ठेवणाऱ्या भुकटीसकट माझे तुकडे भरले सत्तावन्न, एकाहत्तर, साठ, अडुसष्ट मिलिग्रॅम. त्याचे चौसष्ट, पासष्ट, चौसष्ट, चौसष्ट. मी आकडे लिहिलेला कागद फाडला आणि तुकडे परत आणून डबीत टाकले. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

रेवती तेरा वर्षांची असताना वर्षभर काळवंडत गेली होती. बोटांची पेरं, हिरड्या, हातावरच्या रेषासुद्धा. आईला वाटलं, पोरगी उन्हात हुंदडते. लोणच्याच्या बरणीतला खार ती चमच्यानं खायची. शेवटी एक दिवस शाळेत प्रार्थनेला उभी असताना कोसळली, आणि सांगलीच्या डॉक्टरबाईंनी निदान केलं, ॲडिसनचा आजार. मूत्रपिंडांवर ज्या दोन लहान ग्रंथी असतात, त्या हिच्या बंद पडल्या होत्या. आई रडत होती. अण्णा पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, कोर्स किती दिवसांचा? डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या.

"बारावी सायन्स ना तू? मग तू ऐक. आपलं शरीर रोज जे आपोआप बनवतं, ते हिचं बनवत नाही. ते आपण गोळीतून द्यायचं, आयुष्यभर. सकाळी जास्त, दुपारी आणि संध्याकाळी थोडं, कारण निरोगी शरीरही साधारण तसंच करतं. हे स्टेरॉइड आहे म्हटलं की लोक घाबरवतील, बंद करा म्हणतील. एकही दिवस बंद करायचं नाही. लिहून घे."

मी वहीची दोन पानं भरून लिहून घेतलं.

त्या दिवसापासून गोळ्या माझ्याकडे आल्या. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच. रेवती फक्त हात पुढं करायची. ती कॉलेजला जायला लागली तरी दर रविवारी आठवड्याची डबी मीच भरायचे. एखाद्या दिवशी कप्प्यात जास्त गोळ्या दिसल्या तर त्या ती तशाच गिळायची. ताईनं ठेवल्यात म्हणजे बरोबरच असणार. तपासणीला मीच न्यायचे, डॉक्टरबाईंशी मीच बोलायचे, रेवती खिडकीतून बाहेर बघत बसायची. एम. एस्सी.ला पुण्यात प्रवेश मिळत होता तो मी घेतला नाही. नको घेऊ असं मला कुणीही म्हटलं नव्हतं.

तिला स्थळं यायला लागली तेव्हा पहिल्या दोघांनी आजाराचं ऐकून नकाराचा निरोप पाठवला. दुसऱ्या निरोपाच्या दिवशी मी रेवतीसाठी भेळ आणली, तिला हसवलं. मी स्वतः दोन पुडे खाल्ले. सकाळपासून जेवणच गेलं नव्हतं मला.

तिसरा दिगंबर. आईनं बजावलं होतं, आजाराचं मी बोलेन, तू गप्प बस. पण चहाचे कप ठेवता ठेवता रेवतीच म्हणाली, "मला रोज गोळ्या घ्याव्या लागतात. जन्मभर."

दिगंबरनं कप उचलला. "किती वाजता?"

"सात, एक आणि पाच."

"सातला मी घरी असतो. पाचपर्यंत पण येतो," तो विचार करत म्हणाला. "एकचं काय करायचं?"

सगळे हसले. अण्णा तर डोळे पुसायला लागले. मी मोकळे कप उचलून आत गेले.

लग्नाआधी तो वही घेऊन आला. "ताई, सगळं लिहून द्या मला. माझ्याकडून चुकायला नको. चुकलं तर काय होतं?"

"जीव जाऊ शकतो," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं नाही.

"मग तिची फाईल पण द्या माझ्याकडं."

"फाईल इथंच राहू दे. दर तीन महिन्यांनी मीच नेते तिला सांगलीला."

"आता मी नेईन की."

"तुमची नोकरी आहे, दिगंबरराव." तोंडावर मी त्याला दिगंबरराव म्हणायचे.

"तुमची पण आहे की ताई. किती वर्षं करताय. आता सोडा काळजी."

तो हे मनापासून म्हणत होता. तेच मला सहन होत नव्हतं.

मी तक्ता करून दिला. पांढरा कार्डपेपर, पट्टीनं आखलेले रकाने, नऊ मुद्दे. कुठली गोळी कधी, जेवणाशी संबंध काय, गोळ्या संपायच्या किती दिवस आधी आणायच्या, उन्हाळ्यात मीठ-पाणी किती. चौथा मुद्दा लाल शाईनं: 'ठरल्यापेक्षा एकही गोळी कमी नाही, एकही जास्त नाही.' त्यानं तो तक्ता लॅमिनेट करून स्वयंपाकघरात टांगला.

मे महिन्यात लग्न झालं. सकाळी सातला माझा हात अलार्म बंद करायला मोबाईलकडं जायचा आणि वाजायला काही नसायचं. रेवतीचा फोन यायचा दोन-तीन दिवसांनी.

"अगं ताई, हे काय करतात माहितीय? अलार्म वाजायच्या आधीच पाण्याचा तांब्या घेऊन उभे. सासूबाई म्हणतात, एवढी सेवा देवाची केली असतीस तर मोक्ष मिळाला असता."

"दुपारची?"

"शाळेतल्या पोरीसारखी घेते. हे फोन करतात ना, गिळेपर्यंत ठेवत नाहीत."

जूनमध्ये आई तिच्याकडं जाऊन आली. "रंग बघ कसा उजळलाय पोरीचा. अंगानं भरलीय. माणसाच्या हाताला गुण असतो बघ."

"गोळ्या त्याच आहेत आई. मी द्यायचे त्याच."

"मी कुठं नाही म्हणतेय?" आई म्हणाली. "तू एवढी का चिडतेस?"

जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला माझा फोन वाजला. दिगंबर. मी दुधाच्या नमुन्यांचं फॅट बघत होते. फोन वाजून थांबला. दहा मिनिटांनी परत वाजला, परत थांबला. अकरा वाजून गेल्यावर तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला.

"ताई, रेवतीला पहाटेपासून उलट्या होतायत. जुलाब पण." त्याला धाप लागली होती. "सातची गोळी दिली वेळेवर, ती पाच मिनिटांत बाहेर पडली. मी दुसरी दिली नाही. जास्त द्यायची नाही ना? म्हणून तुम्हाला विचारायला दोनदा फोन केला."

"अंग तापलंय?"

"चांगलंच. ओठ पांढरे पडलेत. उठून बसवलं तर मान टाकते. म्हणते, झोपू द्या मला."

"उचला आणि दवाखान्यात न्या. आत्ता. सांगा ॲडिसन आहे, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन पाहिजे, शंभरचं, आणि सलाईन लावा लगेच."

"थांबा, लिहून घेतो. हायड्रो..."

"लिहू नका! पळा!"

सांगलीच्या डॉक्टरबाईंचा नंबर त्याच्याकडं नव्हता. तो फाईलवर होता आणि फाईल माझ्या कपाटात. मी घरी गेले, फाईल घेतली, स्कूटरवरून पलूसला निघाले. त्या रस्त्यातलं मला एकच आठवतं. एका खताच्या ट्रॅक्टरमागं मी अडकले होते आणि मोठ्यानं आकडे म्हणत होते. सात ते अकरा, चार तास. त्याआधी आदल्या संध्याकाळची पाचची. म्हणजे अठरा तास तिच्या शरीरात काहीही नाही.

मी पोचले तेव्हा दोन्ही हातांना सलाईन होतं. इंजेक्शन दिलेलं होतं. रेवतीचा चेहरा उशीच्या अभ्र्यासारखा दिसत होता, पण छाती वरखाली होत होती. तिथला तरुण डॉक्टर दिगंबरसमोर उभा होता.

"आणलं तेव्हा बीपी सत्तर होतं. अजून तासभर घरी ठेवलं असतं तर मी काही करू शकलो नसतो. या पेशंटला ताप आला की डोस दुप्पट करायचा, उलटीत गोळी पडली की परत द्यायची, तीही पडली की सरळ इंजेक्शन. हे तर सगळ्यात पहिल्यांदा शिकवतात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

दिगंबर कॉटची दांडी धरून उभा होता. त्याच्या शर्टवर उलटीचे डाग होते.

"सांगितलं असेल," तो म्हणाला. "ताईंनी सगळं व्यवस्थित लिहून दिलं होतं. माझ्याच डोक्यात राहिलं नसेल. चूक माझी आहे."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी फाईल छातीशी धरली होती.

तीन वाजेपर्यंत रेवतीच्या ओठांना रंग आला. चारला तिनं साखर-मिठाचं पाणी घेतलं आणि ते पोटात राहिलं. दिगंबर इतका वेळ स्टुलावर बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं स्तोत्र म्हणतोय.

"ताई," तो एकदम म्हणाला, "मी तक्ता पहिल्यापासून आठवून बघितला. नऊच्या नऊ मुद्दे पाठ आहेत मला. ती तापाची ओळ काही आठवत नाही. मी घरी जाऊन बघून येतो. दहा मिनिटांत येतो."

तो उठला, चप्पल घालायला लागला.

"जाऊ नका," मी म्हणाले. "ती ओळ नाहीये त्यात."

"विसरला होय?" त्याच्या आवाजात सुटका होती. माझ्यासाठी. "होतं हो असं. लग्नाची गडबड होती."

मी हो म्हणाले असते तर तिथंच मिटलं असतं.

"विसरले नाही."

फाईलमध्ये माझ्या वहीची ती दोन पानं होती, सतराव्या वर्षीच्या अक्षरातली. तक्ता करताना ती माझ्यासमोर उघडी होती. पहिलं पान मी पूर्ण उतरवलं. दुसऱ्या पानाची सुरुवातच अशी होती: 'ताप, उलटी, जुलाब, अपघात: दुप्पट. थांबायचं नाही.' डबीत मी अधूनमधून ज्या जास्त गोळ्या ठेवायचे, त्या याच ओळीच्या होत्या. रेवतीला कारण कधी सांगितलं नव्हतं. आधी ती लहान होती म्हणून, आणि नंतर ती विचारत नव्हती म्हणून. ते पान मी तसंच मिटून ठेवलं. कधीतरी तिला ताप येईल, तो घाबरून फोन करेल, मी सांगेन आणि ती बरी होईल. एवढाच माझा हिशेब होता. सकाळी दोनदा फोन वाजला तेव्हा हात दुधाचे होते, असं मी नंतर आईला सांगितलं. हात कोरडे होते. स्क्रीनवर त्याचं नाव बघून मला बरं वाटलं होतं, आणि वाटलं होतं, बघू दे जरा वाट.

हे सगळं मी त्याला त्या क्रमानं सांगितलं नाही. तुटक तुटक सांगितलं. तो ऐकत होता.

"का पण?" तो म्हणाला.

"तुम्ही सगळंच नेलंत. मला काय राहिलं असतं?"

तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो हळू आवाजात बोलला, रेवती जागी होऊ नये म्हणून. "सकाळी सव्वासातला दुसरी गोळी माझ्या हातात होती ताई. सोलून घेतली होती पाकिटातून. अर्धा तास मी ती अशी धरून बसलो. दिली नाही. तुम्ही लाल शाईनं लिहिलंय म्हणून दिली नाही."

मग त्यानं हात पुढं केला. "फाईल द्या."

मला कळत होतं की द्यायला हवी. तरी माझी बोटं सैल होईनात. त्यानं दुसरं टोक धरलं. दोन शिकलेली माणसं, कॉटच्या दोन बाजूंना, पुठ्ठ्याची फाईल ओढत होतो.

"इकडं द्या ती."

रेवतीचे डोळे उघडे होते. कधीपासून, कोण जाणे.

"रेवू, तू बोलू नकोस," मी म्हणाले.

"तू पड बघू शांत," तो म्हणाला. दोघंही एकदम.

"आठ वर्षं ताईनं दिल्या तेवढ्या घेतल्या," रेवती म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता आणि शब्दाशब्दाला ती थांबत होती. "दोन महिने तुम्ही दिल्या तेवढ्या घेतल्या. सकाळी ती उलटीत पडली ना, तेव्हा मला आतनं कळत होतं, अजून एक पाहिजे. सांगता येईना. मला माहीतच नव्हतं असं मागता येतं म्हणून." तिनं सलाईनचा हात जरा उचलला. "गोळ्या कोण खातंय? मी खातेय ना? मग मला का माहीत नाही?"

आम्ही दोघांनी फाईल एकदमच सोडली. ती तिच्या पायांवर पडली.

"ताई, बस इथं. पहिल्यापासून वाच. आणि अहो, तुम्ही पण ऐका, पण मधे मधे बोलायचं नाही."

मी वाचलं. पहिलं पान, दुसरं पान. ती मधेच थांबवायची. दुप्पट म्हणजे तिन्ही वेळेच्या का? किती दिवस? परत खाली आणताना एकदम आणायच्या की हळूहळू? उलटी तासाभरानं झाली तर ती गोळी पोटात गेली असं धरायचं का? आठ वर्षांत यातले दोन प्रश्न माझ्याही डोक्यात आले नव्हते. शेवटी तिनं विचारलं, "ते इंजेक्शन माझं मला टोचून घेता येतं?"

मला माहीत नव्हतं. दिगंबरलाही नव्हतं. रेवतीनं नर्सला हाक मारली. नर्स हसली आणि म्हणाली, "येतं की. तुमच्या सांगलीच्या डॉक्टरांना विचारून घ्या, मी शिकवते." दुसऱ्या दिवशी घडी घातलेल्या टॉवेलवर रेवती सुई टोचायला शिकली. पहिल्या दोन वेळा सुई वाकडी गेली. मी हात पुढं केला तर म्हणाली, "तू लांब हो."

दिगंबर माझ्याशी पुढं कितीतरी महिने कामापुरतंच बोलला. 'या ताई', 'बसा ताई', एवढंच. आईला त्यानं काहीही सांगितलं नाही. रेवतीनंही नाही. मी त्या वर्षी एम. एस्सी.ला प्रवेश घेतला आणि पुण्याला गेले.

या सगळ्याला आता सात वर्षं झाली. पण माझ्या डोक्यात तो मंगळवार जितका आहे, तितकाच त्यानंतर दीड वर्षानं आलेला एक फोनही आहे. रेवतीनं पुरणाला कोणती डाळ चांगली, असलं काहीतरी विचारायला फोन केला होता. बोलता बोलता म्हणाली, "मधे ताप येऊन गेला मला. एकशे दोन होता. तीन दिवस दुप्पट घेतल्या, मग आणल्या परत खाली. आता ठणठणीत आहे."

"कधी?"

"झाले की आठ दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं त्यात?" ती खरंच विचारात पडली होती. "बरं, डाळीचं सांग."

मी डाळीचं सांगितलं. मग दिगंबरला फोन लावला. त्या मंगळवारनंतर मी आपणहून त्याला केलेला तो पहिला फोन.

"रेवतीला ताप होता म्हणे. तुम्ही दिल्यात का दुप्पट?"

"मी कुठला देतोय," तो म्हणाला. "मी परीक्षेच्या ड्यूटीवर कोल्हापूरला होतो. रोज फोन करायचो, रोज म्हणायची, बरी आहे. मला पण नंतरच कळलं. बोलली नाही हो मला पण."

त्याच्या आवाजातलं ते दुखणं मी लगेच ओळखलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो मला आपला वाटला. आम्ही दोघंही हसलो, जरा ओशाळून.

"तुम्हाला कधी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"आज. आठव्या दिवशी. आणि तुम्हाला?"

"चौथ्या," दिगंबर म्हणाला.

मी हसत होते ती थांबले. चौथ्या दिवशी. म्हणजे माझ्या आधी चार दिवस.